गिनतीतलं एक नाव

“ह्यो नव्हता.”

सुभेदारसाहेब एवढंच म्हणाले आणि फ्रेम माझ्या हातात परत दिली. मग चहा बशीत ओतून प्यायले, गजकाचा एक तुकडा तोंडात टाकला, यंदा थंडी लवकर पडली म्हणाले. फ्रेमबद्दल पुन्हा चकार शब्द नाही.

नोव्हेंबर २०२१ चा शेवटचा आठवडा. पुढच्या दोन आठवड्यांत जे झालं ते प्रकरण म्हणून सविस्तर लिहून ठेवते आहे. माजी सैनिकांच्या मेळाव्याची वही सांभाळणारी माझ्यासारखी माणसं गावोगावी आहेत. म्हातारे फौजी दर हिवाळ्यात कमी होताहेत, आणि हा पेच आज ना उद्या प्रत्येकाच्या ओसरीवर येणार. माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, काही खुणाही बदलल्या आहेत.

आधी आमचा मेळावा काय आहे ते सांगते. ग्वाल्हेरचा ‘लष्कर’ भाग म्हणजे दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये ठोकलेला तळ. तो तळ उठलाच नाही, त्याचं शहर झालं. त्यामुळे इथल्या मराठी घरांत सैन्य नवीन नाही. पण आमचे फौजी शिंदेशाहीतले नव्हेत, ते आग्र्याचे. आग्रा इथून सव्वाशे किलोमीटरच्या आत. मुरैना, चंबळ, धौलपूर ओलांडलं की आलंच. पन्नासावी पॅरा ब्रिगेड आग्र्याला, छत्रीने, म्हणजे पॅराशूटने, उड्या शिकवणारी शाळा आग्र्याला. साताऱ्या-सांगलीकडची पोरं तिथे यायची आणि मराठी बोलायला, पुरणपोळी खायला सुट्टीच्या दिवशी गाडीत बसून लष्करात यायची. काहींनी इथल्या मुली केल्या. माझे बाबा त्यांतलेच. पेन्शन झाल्यावर गावाकडे कोरडवाहू जमीन आणि इकडे सासुरवाडी, असा हिशेब करून काही जण इथेच राहिले. कुणी बँकेत गनमॅन झालं, कुणी शाळेत पीटीचे सर.

सुरुवातीला ११ डिसेंबर हा निव्वळ बाप्यांचा कार्यक्रम होता. कुणाच्या तरी अंगणात मटण, कॅन्टीनची रम, तामचिनीचे मग. बायका स्वयंपाकघरात, मुलं गच्चीवर. मग एकेक बाप्या गेला तशा बायका अंगणात आल्या आणि रम मागच्या खोलीत गेली. आता एका देवळाच्या सभागृहात जमतो. बावीस घरं आहेत. बाजरीची भाकरी, भरीत, ठेचा. मटण बंद झालं याचं दुःख काहींना अजून आहे.

वेळ मात्र पहिल्यापासून एकच, दुपारचे साडेचार. त्या वेळी गिनती होते. फौजेत हजेरीला गिनती म्हणतात. वहीतलं नाव वाचायचं. माणूस असेल तर तो ‘हजर’ म्हणतो, नसेल तर त्याच्या घरचं कुणीतरी म्हणतं. २०१४ पासून बाबांच्या नावाला मी ‘हजर’ म्हणते. पहिल्या वर्षी आवाज फुटला नव्हता, तेव्हा मागून कुणीतरी म्हटलं होतं.

साडेचारच का, ते ठाऊक नसलेल्यांसाठी थोडं.

११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी दमदम आणि कलाईकुंडा इथून विमानं उडाली. अँटोनोव्ह, पॅकेट, डाकोटा, कॅरिबू अशी जी हाताशी होती ती. त्यांत २ पॅरा (मराठा) ही पलटण आणि तिच्या जोडीला तोफखाना, इंजिनियर, डॉक्टर, मिळून सातशेच्या आसपास माणसं. पलटणीचे कमांडर लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, टांगाईलच्या उत्तरेला लोहाजंग नदीवर पुंगलीचा पूल आहे. मैमनसिंग आणि जमालपूरकडून पाकिस्तानची ब्रिगेड ढाक्याकडे मागे सरत होती, तिची वाट या पुलावर अडवायची होती. साडेचारच्या सुमारास उड्या सुरू झाल्या. वारा होता, काही जण ठरल्या जागेपासून लांब पडले. माझे बाबा तळ्यात पडले. बंगालातलं तळं म्हणजे काय हे खटाव तालुक्यातल्या माणसाला कमरेपर्यंत बुडाल्यावर कळलं, असं ते सांगायचे. गावकरी ‘जय बांगला’ ओरडत धावत आले आणि दारूगोळ्याची ओझी डोक्यावर घेऊन चालू लागले. त्या मुलखात कादेर सिद्दिकींचे मुक्तिसैनिक आधीपासून तयारच होते. पूल हाती आला. रात्रभर पाकिस्तानी सैन्य तिथून निघायचा प्रयत्न करत राहिलं आणि मार खात राहिलं. पुढे जमालपूरकडून १ मराठा लाइट इन्फंट्री जमिनीवरून येऊन मिळाली. परमुलखातल्या पुलावर अंधारात एकमेकांना मराठीत शिव्या देत ओळख पटवली, असं आमचे लोक सांगतात. खरं-खोटं त्यांचं ते जाणोत, पण ऐकायला मी कधी नको म्हटलेलं नाही. १६ डिसेंबरला ढाक्यात सगळ्यांत आधी शिरलेली भारतीय पलटण हीच. पन्नूंना महावीर चक्र मिळालं आणि पलटणीला ‘पुंगली ब्रिज’ हा रणसन्मान.

पलटण मुळात मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी. इटलीत १९४४ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून तिथेच पडलेले नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा ती २ पॅरा झाली. बाबा नेहमी हे इटलीपासून सांगायला सुरुवात करायचे आणि टांगाईलपर्यंत येता येता जेवण थंड व्हायचं.

तर २०२१ मध्ये पन्नास वर्षं होत होती. आमच्या चौघाजणांच्या कमिटीने ठरवलं की यंदा शाल-श्रीफळ आणि छापील सन्मानपत्र द्यायचं. मजकूर मीच लिहिला: ‘टांगाईलच्या आकाशातून उडी घेणाऱ्या वीरास’. मग यादी हवी. ज्या घरांत माणूस हयात नाही त्यांच्याकडून काही कागद, फोटो मागवले. त्यात ही फ्रेम आली.

फ्रेम एका नातवाने पाठवली होती. नोएडाला कंपनीत आहे, हुशार मुलगा. त्याचे आजोबा नाईक हुद्द्यावर निवृत्त झाले आणि १९९८ मध्ये वारले. ते मेळाव्याला सुरुवातीची काही वर्षं येत, मग येईनासे झाले. का, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. फ्रेममध्ये डावीकडे आजोबा, छातीवर पंख आणि तीन मेडलं. उजवीकडे आकाशभर छत्र्या उतरताहेत असा मोठा फोटो. खाली सोनेरी अक्षरं: ‘टांगाईलच्या आकाशातून शत्रूवर झेप, ११ डिसेंबर १९७१’.

सुभेदारसाहेबांना मी फ्रेम दाखवली ती यादी पक्की करायला नव्हे. फ्रेम सुंदर होती, म्हाताऱ्याला बरं वाटेल, एवढ्याच हेतूने. वय ८१, पण नजर साफ. त्यांनी ‘ह्यो नव्हता’ म्हटल्यावर मी छत्र्यांवर बोट ठेवलं, “आणि हे?”

“ह्ये टांगाईल न्हाई. खाली बघा. जमीन कोरडी हाय, बाभळी हायत. बंगालात पानी असतंय, भाताची खाचरं असत्यात. ह्ये मलपुरं हाय, आग्र्याचं. हितं मी पन्नासदा पडलोय.”

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्या फोटोत जमीन आहे हे मी पाहिलंच नव्हतं.

या फोटोमागे एक मजेची गोष्ट आहे. टांगाईलची उडी झाली तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांना फोटो हवा होता. सेनेच्या जनसंपर्क अधिकाऱ्यांनी हाताशी होता तो दिला: आग्र्याच्या एका जुन्या सरावाचा, त्यात अख्खी ब्रिगेड उतरतेय. तो छापून आला. बातम्यांत आकडा पाच हजारांवर गेला. उतरले होते सातशे. ढाक्यात बसलेल्या पाकिस्तानी सेनाधिकाऱ्यांच्या छातीत धडकी भरायला या पाच हजारांचीही मदत झाली, असं मानतात. म्हणजे शत्रूला चकवणाऱ्या त्या फोटोच्याच जातीचा हा फोटो पन्नास वर्षांनी आमच्याच माणसांना चकवत भिंतीवर लटकत होता. आमच्या बावीस घरांतल्या आणखी दोन घरांत असे आग्र्याचे फोटो ‘टांगाईल’ म्हणून आहेत हे मला नंतर कळलं. त्यांतलं एक घर माझ्या मामेबहिणीचं.

आता पुरावा. मी सवयीने कामाला लागले, आणि इथे एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे. फौजीच्या घरात जे भिंतीवर असतं त्यातून तो लढाईत उतरला की नाही हे कळत नाही. छातीवरचे पंख सांगतात की आग्र्याच्या शाळेत त्याने रात्रीच्या एका उडीसकट पाच उड्या पुऱ्या केल्या. ‘संग्राम मेडल’ त्या काळात नोकरीत असलेल्या सरसकट सगळ्यांना मिळालं. ‘पूर्वी स्टार’ सांगतो की तो पूर्व आघाडीच्या ठरलेल्या मुलखात होता. विमानात होता की विमानतळावर, हे तो सांगत नाही. नाईकसाहेबांच्या छातीवर हे दोन्ही होते आणि दोन्ही सच्चे होते. खोटं फक्त सोनेरी अक्षरांत होतं, आणि ती अक्षरं त्यांनी लिहिलेली नव्हती.

यानंतरची चूक माझी. मी नातवाला फोन केला आणि पेपर तपासल्यासारखं सांगितलं: फोटो आग्र्याचा आहे, मेडलांनी काही सिद्ध होत नाही, हयात साक्षीदार नाही म्हणतोय, तेव्हा यादीत नाव घेता येणार नाही. लाल शाईने काट मारावी तसं. तो दोन क्षण गप्प होता. मग म्हणाला, “मावशी, म्हणजे माझे आजोबा खोटं बोलत होते, असंच ना?” मी म्हटलं, तसं नाही. पण तसंच म्हटलं होतं मी. फोन त्याने ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या आईकडे गेले, म्हणजे नाईकसाहेबांच्या मुलीकडे. सगळे तिला माई म्हणतात. नव्या बाजाराच्या आतल्या बाजूला जुन्या वाड्यात दोन खोल्या. आधी फोनवर बोलणं झालं होतंच, मुलाने आईला सगळं सांगितलं होतं. मी रागाची तयारी ठेवून गेले होते. माईने भाजी निवडता निवडता विचारलं, “कोण म्हणालं, सुभेदारकाका का?” मी हो म्हटलं. “मग बरोबर आहे,” ती म्हणाली.

मग जे सांगितलं ते असं. १९७१ च्या पावसाळ्यानंतर मलपुऱ्याला सरावाच्या उडीत त्यांच्या घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, पण डॉक्टरने उडीला नाही म्हटलं. पलटण पूर्वेला निघाली तेव्हा काठी टेकत तेही गेले, कलकत्त्याजवळच्या तळापर्यंत. तिथे त्यांना मागे ठेवलं, रिअर पार्टीत. पलटणीच्या पेट्या, बिस्तरे, उडीआधी जवानांनी काढून ठेवलेली घड्याळं, अंगठ्या, पैसे, घरची पत्रं, या सगळ्यावर ते आणि आणखी काही जण.

“तुझ्या मुलाला हे ठाऊक नाही?”

“त्याने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. बाबा म्हणायचे ना, ‘आम्ही टांगाईलला उतरलो, आम्ही पूल घेतला, आम्ही ढाक्यात गेलो.’ पोरगं लहान होतं. त्याला वाटलं, बाबा.”

घरी येताना रिक्षात मी त्या ‘आम्ही’चाच विचार करत होते. आपल्याकडे ‘आपण’ वेगळं, ‘आम्ही’ वेगळं, ‘मी’ वेगळं. फौजी ‘आम्ही’ म्हणतो तेव्हा ती पलटण असते. १९४४ मध्ये इटलीत लढलेली माणसंही बाबांच्या ‘आम्ही’त असायची, आणि बाबांचा जन्म त्यानंतरचा. त्यांना कुणी खोटं म्हटलं नाही. नाईकसाहेब खोटं बोलले नव्हते. ऐकणाऱ्याने ‘आम्ही’चा ‘मी’ केला, चौकट करणाऱ्याने त्याला सोनेरी अक्षरं दिली, आणि मी ‘उडी घेणाऱ्या वीरास’ असा एकवचनी मजकूर लिहून त्यावर शिक्का मारायला निघाले होते.

निघताना माईने एक वही दिली होती. लांबट, हिशेबाची, पुठ्ठा उसवलेली. “बाबांची. तुम्ही मास्तरीण, तुम्हाला वाचता येईल.” त्यात याद्याच याद्या. प्रत्येक पेटीची एक. नंबर, नाव, मग माल: ‘कांबळे एक, बनियन दोन, पितळी तांब्या एक, रेडिओ एक (खरखर करतो), लाडवाचा डबा एक, रिकामा.’ खरखर करतो हे लिहायची काही गरज नव्हती. पण उद्या कुणी म्हणायला नको की आमच्याकडे दिल्यावर बिघडला.

एका यादीखाली वेगळ्या शाईत लिहिलं होतं: ‘पेटी रजेवाल्याबरोबर माण तालुक्यात पाठविली. चिठ्ठी बाहेरून डकविली.’

ही चिठ्ठी मला ठाऊक होती.

आमच्या मेळाव्यात एक काकू आहेत, त्यांना सगळे पेटीवाल्या काकू म्हणतात. त्यांचे यजमान पुंगलीला पायात गोळी लागून बरेच महिने दवाखान्यात होते. तो दवाखान्यात असतानाच त्याची ट्रंक गावी पोचली. फौजेतून माणसाआधी पेटी आली म्हणजे काय समजायचं, हे त्या काळी माणच्या कुठल्याही घराला सांगावं लागत नव्हतं. ट्रंक उतरवल्याबरोबर सासूबाईंनी हंबरडा फोडला. बायका जमल्या. काकूंचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. एवढ्यात पोस्टमन आला, त्याने झाकणावरचा कागद वाचला: ‘पोरगा जिता आहे. पायाला लागले आहे. दवाखान्यात आहे. पेटी आधी येते आहे, घाबरू नये.’ खाली सही नाही. काकू ही गोष्ट दर ११ डिसेंबरला सांगतात, मी वीसदा तरी ऐकली असेल. ‘कुणा भल्या माणसानं चिठ्ठी चिकटवली व्हती,’ असं त्या म्हणतात आणि आम्ही माना डोलावतो. कोण भला माणूस, हे विचारायचं माझ्यासारख्या इतिहासवालीला वीस वर्षांत सुचलं नाही.

ट्रंक काकूंकडे अजून आहे, गहू भरलेली. वही घेऊन मी गेले. झाकणावर पिठाच्या खळीचा तपकिरी डाग आणि त्यात अडकलेली चार-पाच अक्षरं उरली आहेत. ‘जिता’मधला ‘ज’ वहीतल्या ‘ज’सारखाच, पोटात गाठ मारलेला. काकूंनी वहीवरून हात फिरवला. त्यांना वाचता येत नाही. “बाहेरून का चिकटवली असेल?” मी विचारलं. उत्तर माईने नंतर फोनवर दिलं. नाईकसाहेबांनी घरात एकदा सांगितलं होतं: आत ठेवली असती तर पेटी उघडायला लागली असती, आणि तशी पेटी कुठली आई उघडते?

कमिटी बसली ४ डिसेंबरला. मला वाटलं होतं, हे सगळं सांगितल्यावर प्रश्न मिटेल. मिटला नाही, आणि तो ज्यांनी मिटू दिला नाही त्यांचं म्हणणं मी इथे नीट लिहिणार आहे, कारण ते मला आजही पटतं. हवालदारकाका. निवृत्तीनंतर बावीस वर्षं बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले, आवाज अजून परेडचा.

“पेट्या मोजल्या, चिठ्ठी लावली, लाख मोलाचं केलं. पाया पडतो मी त्याच्या. पण ताई, तुम्ही एकदा त्या दारात उभ्या राहा. लाल दिवा लागला की तोंडाला कोरड पडते. पुढच्याच्या पाठीवरची छत्री दिसते, बाकी काही दिसत नाही. हिरवा लागला की विचार करायला वेळ नसतो, आणि वेळ असता तर कुणी उडी मारली नसती. पन्नास वर्षं झाली, मला अजून तो दिवा दिसतो. त्या कागदावर उडी लिहिलीय, ती उडी मारणाऱ्याचीच पाहिजे. दुसरा काय मान द्यायचा तो द्या.”

सुभेदारसाहेब काही बोलले नाहीत. कमिटीने मधला मार्ग काढला, म्हणजे मीच काढला. सन्मानपत्रातली ‘उडी’च काढून टाकली. नवा मजकूर: ‘२ पॅरा (मराठा), १९७१, कृतज्ञतापूर्वक’. सगळ्यांना एकच. छापखान्याला रातोरात सांगितलं, पैसे दुप्पट गेले.

११ डिसेंबर शनिवारी आला. तीन दिवसांपूर्वी कुन्नूरजवळ हेलिकॉप्टर पडून जनरल बिपिन रावत, त्यांच्या पत्नी मधुलिका आणि बरोबरचे लोक गेले होते. मृतांत पॅराचे जवान होते, एक तर आमच्याच मध्य प्रदेशातला, सीहोर जिल्ह्याचा. सभागृहात मास्क, लांब लांब खुर्च्या, निम्मी माणसं घरी. शाल-श्रीफळाचा उत्साह आधीच ओसरला होता. आधी त्यांच्यासाठी दोन मिनिटं उभे राहिलो, मग साडेचारला गिनती. नाईकसाहेबांचं नाव वाचलं तेव्हा माई ‘हजर’ म्हणाली. तिच्या शेजारी नातू बसला होता. नोएडाहून आला होता, माझ्याशी बोलला नव्हता. मग पेटीवाल्या काकू उठल्या आणि दरवर्षीची गोष्ट सांगू लागल्या. ‘कुणा भल्या माणसानं’ इथे आल्यावर त्या थांबल्या, माईकडे वळल्या आणि म्हणाल्या, “ह्यांच्या वडलांनी.” एवढंच. नातवाने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

हे झाल्यावर प्रकरण संपलं असं मला वाटलं. पण सन्मानपत्र घ्यायला हवालदारकाकांचं नाव पुकारलं तेव्हा ते उठलेच नाहीत. “माझ्या कागदावरची उडी का काढली?” त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं. कुणाकडे उत्तर नव्हतं. एकाला खोटं द्यायचं नाही म्हणून दुसऱ्याचं खरं काढून घेतलं होतं मी. त्यांचा कागद अजून माझ्या कपाटात आहे.

२०२२ साठी वही नव्याने लिहिली. सन्मानपत्रं बंद. गिनतीत आता प्रत्येक नावापुढे एक ओळ असते, त्या माणसाने त्या दिवशी काय केलं ती, त्याच्या किंवा घरच्यांच्या शब्दांत. जिथे खात्रीने कळत नाही तिथे फक्त नाव. ही माहिती गोळा करायला मला आठ महिने लागले. काही घरांनी बंगळुरूच्या रेकॉर्ड्सना पत्रं घातली, काही घरांत भांडणं झाली, एका घराने येणंच थांबवलं. त्या घरातही ‘आम्ही’च होतं, पण तिथे माझ्याकडे पेटी नव्हती. त्याची रुखरुख आहे. वाचताना आता असं वाचतो: ‘उडी. तळ्यात पडला. बंदूक कोरडी ठेवली.’ हे बाबा. ‘उडी. लाल दिवा आठवतो.’ हे हवालदारकाका. ओळ त्यांनीच सांगितली, दोनदा तपासून घेतली. ‘पेट्या, कलकत्ता. चिठ्ठी बाहेरून.’

ही ओळ वाचली तेव्हा मी हवालदारकाकांकडे पाहिलं. ते समोर बघत होते.

गिनतीनंतर चहाच्या वेळी नातवाने पिशवीतून फ्रेम काढली. सोनेरी अक्षरं खरवडून तिथे साधी पट्टी लावली होती: ‘मलपुरा, आग्रा. सराव.’ “आजोबा इथे तर होते ना?” त्याने सुभेदारसाहेबांना विचारलं. “हितं सगळेच व्हते,” ते म्हणाले. फ्रेम टेबलावर ठेवली. त्या फोटोत माणसाचं तोंड एकही दिसत नाही, नुसत्या छत्र्या, शेवटच्या तर ज्वारीच्या दाण्याएवढ्या. हवालदारकाकांनी खिशातून पेपर वाचायचं भिंग काढलं, वाकले, बराच वेळ बघत राहिले. मग वरच्या कोपऱ्यातल्या एका दाण्यावर बोट टेकवलं.

“हा मी.”

“खुळा का काय,” सुभेदारसाहेब म्हणाले, “तो मी हाय,” आणि भिंग ओढून घेतलं.